मानोंग दूलोंची शिदोरी

तेओदूलो सुमागायसाय यांच्या बुडाखाली कुणीतरी निखारे ठेवलेत, असं आमच्या ऑफिसात येणाऱ्या बायका म्हणायच्या. मी कधी त्यांना अडवलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. मशिनच्या खोलीत एक बरी खुर्ची होती. तिचा उपयोग तेओदूलोंनी, म्हणजे आमच्या मानोंग दूलोंनी (मानोंग म्हणजे दादा), शर्ट वाळत घालायला केला. टाइप करायचे ते उभ्याने. टेलिफोनवर बोलायचे ते वायर पुरेल तितकं चालत. जेवताना पाव हातात आणि नजर मशिनच्या हिरव्या दिव्यावर. मला तर त्यांच्याकडे बघूनच दम लागायचा.

आमचं ऑफिस मनिलाच्या दक्षिणेला, इलोइलो बंदरात, नदीजवळच्या एका बेकरीच्या वर. खलाशांच्या कुटुंबांची सहकारी संस्था ती. इथे ज्या घरातला एकही पुरुष जहाजावर नाही, त्या घराकडे लोक संशयाने बघतात. जहाजावरून निघालेली चिठ्ठी आमच्या मशिनमध्ये यायची, मी ती छापून काढायची, आणि बाकावर बसलेल्या बायका आपापली घेऊन जायच्या. काही तिथेच वाचायच्या, काही पिशवीत तळाशी घालून चालू लागायच्या. दोन हजार साल उजाडायला थोडेच महिने उरले होते, आणि घरोघरी इंटरनेट अजून आलेलं नव्हतं. मशिन, म्हणजे कॉम्प्युटर, म्हणाल तर एकच. त्याला सांभाळणारेही एकच, मानोंग दूलो.

ते स्वतः अर्धं आयुष्य जहाजावर रेडिओ अधिकारी होते. पुढे उपग्रह आले, यंत्रं आपली आपण बोलायला लागली, आणि जगभरच्या रेडिओवाल्यांना कंपन्यांनी नारळ दिला. मानोंग किनाऱ्यावर आले ते जहाजावरची एक श्रद्धा घेऊन. रेडिओच्या खोलीला तिची स्वतःची बॅटरी असते. जहाजाची सगळी वीज एका इंजिनावर चालते, पण ते इंजिन मेलं, सगळं जहाज काळोखात गेलं, तरी मदत मागणारा रेडिओ बोललाच पाहिजे. म्हणून तो कुणावर अवलंबून नसतो. "जो वाचवणार, त्याने उसनं घ्यायचं नाही," असं ते म्हणायचे, आणि दिवसातून एकदा तरी म्हणायचेच.

मशिनलाही त्यांनी हाच नियम लावला होता. आता मशिनमधल्या प्रत्येक कामाला एक प्रोग्रॅम असतो. एक फाइल हलवणारा, एक फायलींची यादी दाखवणारा, एक मशिन चालू करणारा. या सगळ्यांना बरंचसं सामान सारखंच लागतं. ते देण्याच्या दोन तऱ्हा. एक तर ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या पोटात भरायचं. त्याला स्टॅटिक म्हणतात. नाहीतर सगळं सामान एका सामायिक फाइलीत ठेवायचं आणि लागेल तेव्हा प्रत्येकाने तिथून घ्यायचं; ते शेअर्ड. डबा आणि खानावळ, इतकाच फरक. आमच्या मशिनमधलं जवळजवळ सगळंच खानावळीत जेवणारं होतं. पण जगण्यामरण्याला लागणारे काही प्रोग्रॅम मानोंगनी स्वतः खपून डबेवाले करून ठेवले होते, वेगळ्या कप्प्यात. त्या कप्प्याला त्यांनी नाव दिलं होतं बाओन, म्हणजे शिदोरी.

संस्थेच्या अध्यक्ष मिसिस गालेरो यांना हे पटायचं नाही, कारण हे डबे डिस्कवर फार जागा खायचे. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि मशिनला वर्गातल्या पोरांसारखं वागवायच्या. डिस्क भरली, चिठ्ठ्या परत जायला लागल्या, तेव्हा त्या वर आल्या.

"मिस्टर सुमागायसाय, घरात दहा माणसं असली तर तुम्ही दहा चुली पेटवता का?"

"खानावळीच्या आचाऱ्याला जुलाब झाले, मादाम, तर दहाही उपाशी."

"आणि भाजीत मीठ जास्त पडलं तर? खानावळीत एका पातेल्यात पाणी ओतलं की झालं. तुमचे डबे एकेक उघडत बसा."

मानोंग थांबले. येरझाऱ्या घालणारा माणूस थांबला, म्हणजे मुद्दा लागला होता. "ते बरोबर आहे," ते म्हणाले, "पण माझा डबा बुडणाऱ्यासाठी आहे, रोजच्या जेवणाला नाही."

"सध्या बुडतायत त्या चिठ्ठ्या," मिसिस गालेरो म्हणाल्या.

बाकावर एक बाई रडकुंडीला येऊन बसली होती, नवऱ्याची चिठ्ठी पनामाहून निघून परत गेलेली. मानोंगनी तिच्याकडे पाहिलं आणि कुणाचं न ऐकता, स्वतःच्या हाताने, बाओन रिकामा केला. नवी डिस्क आली की परत भरू म्हणाले. चिठ्ठ्यांना जागा झाली, बायका खूश झाल्या. मानोंगच्या येरझाऱ्या मात्र दुप्पट वाढल्या.

त्याच सुमारास त्यांची मुलगी नेरी परदेशी निघाली होती. नर्स झालेली, रियाधच्या दवाखान्यात नोकरी लागलेली. इलोइलोहून जहाजाने मनिला, तिथून विमान. एकुलती एक पोर. तिच्या जन्माला मानोंग हॅम्बर्गमध्ये होते, चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला चिलीच्या किनाऱ्यावर, आणि शाळेत तिला पदक मिळालं त्या दिवशी कुठे होते हे त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांची बायको पुरिंग फार बोलणारी नाही. पण तिने या वेळी बजावलं होतं. "धक्क्यावर या. एवढं एक चुकवू नका, दूलो. मी आता तुमच्या वतीने काही सांगणार नाही तिला." मानोंगनी शपथ घेतली. मला सांगितली, खालच्या बेकरीवाल्याला सांगितली, मिसिस गालेरोंनाही सांगितली. काही झालं तरी नेरीला निरोप द्यायला ते हजर असणार होते.

ज्या दिवशी दुपारी जहाज सुटणार होतं, त्या दिवशी माणसाने घरी बसावं की नाही? पण घरी बसतील तर ते मानोंग कसले. पुरिंगने त्यांना हाकलूनच दिलं असावं, कारण नेरीची पेटी त्यांनी सकाळपासून पुन्हा पुन्हा उघडून भरली होती. सुकी मासळी, टॉर्च, टॉर्चचे सेल, सुईदोरा, पोटदुखीचं औषध. पोर नर्स आहे, तिला पोटदुखीचं औषध. ऑफिसात आले तेव्हा हाताला चाळा हवा होता. आणि चाळा समोरच होता. त्या सामायिक फाइलीत एक दोष निघाला होता, तारखांचा, नवं साल लागताच घोटाळा करणारा. दुरुस्त केलेली फाइल येऊन पडली होती. बदलायला क्षणभराचं काम. जुनी उचलून बाजूला ठेवायची, नवी तिच्या जागी सरकवायची.

"आजच कशाला, मानोंग?" मी म्हटलं. "उद्या करा की. दुपारी वीजही जायची आहे." लोडशेडिंगची सूचना दारावर चिकटवलेली होती, आणि आमची बॅटरी म्हातारी झाली होती, वीज गेल्यावर मशिनने दिवे मालवून नमस्कार करावा एवढ्यापुरतीच टिकायची.

"म्हणूनच, दाय. आधी उरकून टाकतो. तिकडे धक्क्यावर उभं राहून इथला विचार नको." दाय म्हणजे पोरी; मला ते तशीच हाक मारायचे.

पाठ करून ठेवलेल्या माणसासारखं त्यांनी टाइप केलं. जुनी फाइल बाजूला गेली. मग नवी सरकवायला आज्ञा दिली आणि मशिनने सांगितलं, हे मला जमणार नाही.

त्यांनी परत टाइप केलं. तेच उत्तर. फायलींची यादी मागितली. तेच. मग मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि मला काही न कळताही कळलं.

फाइल हलवणारा प्रोग्रॅमही खानावळीतच जेवणारा होता. खानावळ बाजूला केल्यावर ती परत आणायला कोण उठणार? नव्या फाइलीला जागेवर बसवायला जे हात लागतात, तेच हात त्यांनी उचलून ठेवले होते. असं कुणाचं होऊ नये म्हणून तर बाओन होता, आणि नवी डिस्क न आल्याने तो अजून रिकामाच होता. जो नियम ते जगाला सांगत हिंडायचे, तो मोडून त्यांनीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आणि मग तो माणूस खुर्चीवरचा शर्ट बाजूला सारून बसला. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "पडद्यावरची ही एक खिडकी उघडी आहे, ही जिवंत आहे. ही आधीपासून चालू होती म्हणून हिच्या पोटात थोडं सामान आहे. ही बंद झाली की नवी उघडणार नाही. वीज गेली तर मशिन परत चालूच होणार नाही, कारण चालू करणाराही उपाशीच. कुणी कशाला हात लावायचा नाही."

मशिन पुन्हा उभारायचं तर मनिलाहून माणूस यावा लागला असता, आणि तोवर सगळ्या समुद्रांवरच्या चिठ्ठ्या भटकल्या असत्या. बाकावर बायका बसल्या होत्या. "आमचं आलंय का?" "बसा जरा," मी म्हणायची. त्या बसायच्या आणि परत विचारायच्या.

मानोंगनी माहीत असलेल्या आडवाटा चाचपून पाहिल्या. प्रोग्रॅमला हाताला धरून खानावळीचा नवा पत्ता सांगायचीही एक युक्ती असते म्हणे; आमच्या जुनाट मशिनने तीही मानली नाही. त्यांच्या कपाळावरून घाम कीबोर्डवर पडत होता. मधूनच ते घड्याळाकडे बघायचे आणि मग मान अशी खाली घालायचे की जणू घड्याळानेच त्यांना पाहिलं.

"आम्बोयला फोन करा," मी म्हटलं.

आम्बोय म्हणजे बाकोलोदचा त्यांचा जुना दोस्त, तोही एकेकाळचा रेडिओवाला, तोही मशिनच्या नादी लागलेला. दोघांचं शिदोरी की खानावळ यावरून वर्षानुवर्षं भांडण. आठवड्याला एकदा फोनवर एकमेकांना गाढव ठरवल्याशिवाय दोघांनाही झोप लागायची नाही.

"तो हसेल."

"हसू दे. तुम्हाला धक्क्यावर जायचंय ना?"

आम्बोय हसला. इतका की मला रिसीव्हरबाहेर ऐकू आलं. "शिदोरीवाल्या, भूक लागली का रे? आणि डबा कुठे गेला तुझा?" पण मानोंगनी पलटून एकही शिवी दिली नाही, तसा तो गप्प झाला. दूलोने शिवी गिळली म्हणजे प्रकरण गंभीर, हे त्याला बरोबर समजलं.

मग आम्बोयने जी वाट काढली, ती ऐकून मला वाटलं दोघांनाही वेड लागलंय. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी नुसते अंकच. आम्बोयने त्याच्या मशिनवर एक इवलासा प्रोग्रॅम बनवला. त्याचं काम एकच, बाजूला ठेवलेली फाइल उचलून परत जागेवर ठेवणं. कुणाकडून काही उसनं न घेणारा, पक्का डबेवाला. त्याचे अंक तो फोनवर वाचणार, आणि मानोंग इथे त्या एकुलत्या जिवंत खिडकीत ते टाइप करून फाइल घडवणार. नवा प्रोग्रॅम चालवायची परवानगी मशिन देणार नाही, म्हणून आधीच परवानगी असलेल्या एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देऊन हे अंक त्याच्या पोटात भरावे लागणार होते. मानोंगनी माझा पत्त्यांचा खेळ निवडला. दुपारच्या सुस्तीत मी तोच खेळायची.

अंक सुरू झाले. आम्बोयचा आवाज बदलला, मानोंगचाही. समुद्रावर एकमेकांना हाका मारायचे ना, तसे दोघं बोलायला लागले. इकडून अंक, तिकडून तोच अंक परत, मग पुढचा. घाई नाही, चढउतार नाही. चुकलं तर प्रोग्रॅम चालणार नाही, आणि परत पहिल्यापासून.

बरेच अंक झाले होते आणि बरेच उरले होते, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. नेरी. प्रवासाचे कपडे, केस घट्ट बांधलेले. खाली रस्त्यावर पुरिंग सामानासकट गाडीत बसली होती. घरी मानोंगची वाट बघून बघून त्या धक्क्याकडे निघाल्या होत्या.

"ताय, येताय ना?" तिने बापाला विचारलं.

रिसीव्हर कान आणि खांद्यात दाबलेला, दोन्ही हात कीबोर्डवर. मानोंगनी एक बोट वर केलं. थांब.

ती थांबली. त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं रागावेल, निदान कुजकं काहीतरी बोलेल. माझ्या बापाने असं केलं असतं तर मी टेबल उलटं केलं असतं. पण ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरं. कामात आहात. चालू दे." तिला याची सवय होती, आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्याकडे बघून ती कशीबशी हसली. "येते, मानांग आल्मा," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती मला म्हणाली. "त्यांना जेवायची आठवण करा." आणि उतरून गेली.

मानोंगचं बोट अजून वरच होतं.

"उठा," मी म्हटलं.

"दाय, अर्ध्यावर आहे."

"उरलेलं अर्धं मी करते. अंक मलाही वाचता येतात."

"तुला यातलं काही..."

"यातलं काय? ऐकायचं आणि तेच दाबायचं. तुम्हीही तेच करताय."

"एक चुकला तर सगळं पहिल्यापासून. आणि मध्येच वीज गेली तर..."

"तर सगळ्या बायका मला शिव्या देतील, मी खाईन. चुकला तर परत टाइप करीन. ती जहाजात बसल्यावर तुम्ही काय परत टाइप करणार आहात?" माझा आवाज चढला होता. बाकावरच्या बायकांची कुजबुज थांबली.

फोनमधून आम्बोय म्हणाला, "कोण ओरडतंय तिथे? दूलो, तिला फोन दे आणि पळ. ती तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलते."

मानोंगनी माझ्याकडे पाहिलं. पुढची काही वर्षं मी त्यांच्यासोबत काम केलं, पण तसं त्यांनी परत कधी पाहिलं नाही. ज्याने जन्मभर कुणाच्या हाती काही सोपवलं नाही, त्याचे हात कीबोर्डवरून उचलले जात नव्हते. उचलले ते एकेक बोट करून. मग ते उठले, मी बसले, आणि रिसीव्हर अजून त्यांच्या कानाच्या उबेचा होता.

"खिडकी बंद करू नकोस."

"नाही करत."

दाराशी गेले, परत आले. "ते झालं की लगेच मशिन नीट बंद कर, वीज जायच्या आत."

"करते."

जिना उतरले, परत चढून आले. "आणि दाय..."

"मानोंग, जा."

गेले. बेकरीवाल्याची सायकल घेऊन गेले, हे नंतर बेकरीवाला ओरडत वर आला तेव्हा कळलं.

मग मी आणि आम्बोय. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आजही पाहिलेलं नाही. तो अंक सांगायचा, मी परत म्हणायची, दाबायची. एकदा चुकले, ते माझं मलाच समजलं. आम्बोय एवढंच म्हणाला, "होतं तसं. शेवटचे खोड." मला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. खालून पाव भाजल्याचा वास येत होता. एक बाई येऊन माझ्या मागे उभी राहिली, मग दुसरी, आणि कुणीही विचारलं नाही की आमचं आलंय का.

"हा शेवटचा," आम्बोय म्हणाला. मी दाबला. "आता चालव."

चालवला. मशिन काहीच बोललं नाही.

"काय म्हणालं?"

"काहीच नाही."

"देवाची कृपा. बोललं असतं तर बोंब होती. आता यादी माग."

मी यादी मागितली, आणि फायलींची नावं पडद्यावर सरासर उतरली, जसं मधे काही झालंच नव्हतं. मागच्या बाईने माझा खांदा इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी दुखत होता. मी दोन-चार घाईच्या चिठ्ठ्या छापल्या, मशिन नीट बंद केलं, आणि थोड्याच वेळात पंखा थांबला. वीज गेली होती.

मानोंग परतले तेव्हा बायका निघून गेल्या होत्या. खिडकीतून येणाऱ्या उन्हात मी एकटीच बसले होते. ते आले, सायकलमुळे पँटला वंगण लागलेलं, आणि सरळ बाकावर बसले. मशिनचं विचारतील म्हणून मी वाट पाहिली. विचारलं नाही. शेवटी मीच सांगितलं, "झालंय. नीट बंद केलंय." त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांना ठाऊकच होतं.

"भेटली?"

"जहाजाचा जिना वर घेतला होता. दोर सोडत होते. ती वर कठड्याशी उभी होती." त्यांनी तळवा गुडघ्यावर घासला. "दिसलो तिला मी. आधी पुरिंगकडे बघून हात हलवत होती. मग मी दिसलो तर हात हलवायचा थांबवला तिने. नुसती बघत राहिली. मग दोन्ही हातांनी सुरू केलं."

येरझाऱ्या घालणारा तो माणूस बाकावरून उठला नाही.

"जन्मभर मी वरून हात हलवला, दाय," मग ते म्हणाले. "वरच्याला कसं असतं, धक्का मागे पडला की वळायचं, आत जायचं, कामं असतात. मला वाटायचं या दोघीही लगेच घरी जात असतील." पँटवरचं वंगण ते नखाने खरवडत राहिले. "खालून जहाज किती वेळ दिसत राहतं, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं."